छर्रा सरळ जात नाही

इंग्लंडमधल्या एखाद्या शेताच्या बांधावर संध्याकाळी ससा चरत असतो. झुडपाआड एअर रायफल घेऊन पालथ्या पडलेल्या शिकाऱ्याच्या मते तो तीस मीटरवर आहे. दुर्बिणीतली फुली सशाच्या डोक्यावर स्थिर आहे, हात थरथरत नाही. चाप ओढला जातो. छर्रा अडीच सेंटिमीटर खाली लागतो आणि जबडा फुटलेला ससा बिळात शिरतो. आता त्याला शोधून त्याची सुटका करणेही शक्य नसते. शिकाऱ्याचा हात चुकला नव्हता. ससा तीस नव्हे, पस्तीस मीटरवर होता.

ब्रिटनमध्ये ससे पिकांचे मोठे नुकसान करतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यांचा बंदोबस्त करण्याची जबाबदारी १९५४ च्या कायद्याने जमीन कसणाऱ्यावर टाकली आहे. त्यामुळे जमीनमालकाच्या परवानगीने एअर रायफल घेऊन ससे, उंदीर, करड्या खारी मारणारे तिथे पुष्कळ आहेत. नव्याने शिकणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : कॅलिबर कोणते घ्यावे? कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने नळीच्या आतला व्यास. मुख्य पर्याय दोन. ४.५ मिलिमीटर, ज्याला '१७७' म्हणतात, आणि ५.५ मिलिमीटर, म्हणजे '२२'.

या प्रश्नाचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे आणि त्याची सुरुवात कायद्यापासून होते. इंग्लंड-वेल्समध्ये बारा फूट-पौंड, म्हणजे सुमारे १६ जूलपर्यंत ऊर्जा देणारी एअर रायफल अग्निशस्त्राच्या परवान्याशिवाय बाळगता येते. स्कॉटलंडमध्ये मात्र २०१६ च्या अखेरीपासून एअर रायफललाही परवाना लागतो. ऊर्जेला अशी मर्यादा असल्यामुळे दोन्ही कॅलिबरना खर्चायला रक्कम सारखीच मिळते. ती वेगावर खर्चायची की वजनावर, एवढेच ठरवायचे असते. ४.५ चा नेहमीचा छर्रा सुमारे अर्ध्या ग्रॅमचा असतो आणि सेकंदाला २४० मीटरच्या आसपास वेगाने सुटतो. ५.५ चा छर्रा जवळपास दुप्पट, एक ग्रॅमचा असतो. त्याचा वेग १७५ मीटरच्या घरात राहतो.

नळीतून बाहेर पडताक्षणी गुरुत्वाकर्षण दोघांनाही सारख्याच जोराने खाली खेचू लागते. हळू जाणारा छर्रा हवेत जास्त वेळ राहतो, म्हणून जास्त पडतो. ढोबळ हिशेब केला तर चाळीस मीटर जाईपर्यंत ४.५ चा छर्रा नळीच्या रेषेपासून सुमारे १७ सेंटिमीटर खाली येतो, तर ५.५ चा सुमारे ३०. ही घसरण भरून काढण्यासाठी नळी नेमाच्या रेषेपेक्षा किंचित वर रोखलेली असते. त्यात दुर्बीण नळीच्या चार-पाच सेंटिमीटर वर बसवलेली. त्यामुळे छर्रा नेमाच्या रेषेखालून निघतो, ती ओलांडून थोडा वर जातो आणि पुढे पुन्हा तिच्याखाली उतरतो. रेषा आणि वक्र दोनच ठिकाणी भेटतात. बाकी प्रत्येक अंतरावर छर्रा फुलीच्या वर तरी लागतो किंवा खाली तरी. गोठ्यात पाच मीटरवर बसलेल्या उंदरावर बरोबर नेम धरूनही छर्रा त्याच्या पायाशी आदळतो, तो यामुळेच.

आता सुरुवातीच्या सशाकडे वळू. सशाच्या डोक्यावर तत्काळ मृत्यू आणणारी जागा जेमतेम इंचभर व्यासाची असते. म्हणजे मध्यापासून सव्वा सेंटिमीटरपेक्षा जास्त चूक चालत नाही. रायफल तीस मीटरला जुळवलेली असेल आणि ससा पस्तीसवर असेल, तर ४.५ चा छर्रा साधारण सव्वा सेंटिमीटर खाली लागतो, म्हणजे अगदी काठावर. ५.५ चा अडीच सेंटिमीटर खाली जातो, म्हणजे जखम. चाळीस मीटरवर हीच चूक अनुक्रमे साडेतीन आणि सात सेंटिमीटर होते. वारा आडवा असेल तर आणखी भर पडते. ताशी दहा-अकरा किलोमीटरची झुळूक तीस मीटरवर छर्रा दोन-तीन सेंटिमीटर बाजूला नेते. इथे जड छर्रा थोडा बरा ठरतो.

मग ५.५ घेतात कशाला? तो रुंद जखम करतो आणि आपली ऊर्जा शरीरातच जास्त सोडतो. ४.५ चा छर्रा कधीकधी आरपार निघून जातो. ब्रिटिश शिकाऱ्यांत जुनी समजूतच आहे : पिसांसाठी १७७, केसाळांसाठी २२. पण चुकीच्या जागी लागलेला मोठा छर्राही प्राण्याला हालहाल करूनच मारतो. म्हणून अंतराचा अंदाज कच्चा असणाऱ्या नवशिक्याला ४.५ जास्त माफ करते, एवढे म्हणता येते. त्यापुढचे काम सरावाचे.

हा सराव कागदावर होतो. एकच रायफल, एकाच जातीचे छर्रे. दर पाच मीटरवर लक्ष्य लावून प्रत्येक ठिकाणी पाच-सहा छर्रे झाडायचे, फुलीपासून किती वर-खाली लागले ते मोजून लिहून ठेवायचे. हा तक्ता त्या रायफलचा खरा वक्र. दुसऱ्या जातीचे छर्रे घेतले की तो बदलतो. शेतात अंतर डोळ्याने न ठरवता लेझर अंतरमापकाने मोजायचे. आणि ज्या अंतरापलीकडे सगळे छर्रे इंचभर वर्तुळात बसत नाहीत, तिथे चाप ओढायचा नाही. कुणासाठी ही हद्द पस्तीस मीटर असेल, कुणासाठी वीस. कॅलिबर बदलून ती फारशी सरकत नाही.

आणखी दोन गोष्टी आरोग्याच्या. बहुतेक छर्रे शिशाचे असतात आणि शिशाची सुरक्षित अशी कोणतीही पातळी माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. छर्रे तोंडात धरू नयेत, हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, मांसातील जखमेभोवतीचा भाग मोठा कापून टाकून द्यावा. दुसरे म्हणजे, सोळा जूल ही खेळण्यातली ऊर्जा नव्हे. असा छर्रा डोळा कायमचा घालवतो, आणि ब्रिटनमध्ये एअर रायफलने मुलांचे मृत्यूही झाले आहेत. लक्ष्यामागे मातीचा उंचवटा नसेल तर चुकलेला छर्रा कुठे थांबेल हे कुणालाच सांगता येत नाही.

भारतात वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे (१९७२) ससा आणि बहुतेक पक्षी मारणे हा गुन्हा आहे. इथे एअर रायफलची जागा नेमबाजीच्या रेंजवर. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरोत दहा मीटर एअर रायफलचे जागतिक विजेतेपद मिळवले, ते ४.५ मिलिमीटरच्याच छर्ऱ्याने. त्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो. पण अंतर मिलिमीटरपर्यंत ठरलेले, वारा नाही, आणि चुकलेल्या छर्ऱ्याची किंमत दशांश गुणात मोजली जाते. बांधावरच्या शिकाऱ्याकडे यातले काहीच नसते. त्याच्या चुकीची किंमत ससा मोजतो. म्हणून अंतराबद्दल शंका असेल तेव्हा रायफल खाली ठेवणे, हाच त्याच्या शिक्षणाचा शेवटचा धडा असतो.