हजेरीपटाच्या पलीकडे : मनुष्यबळ विभागातील पहिली वर्षे

कारखान्याच्या प्रवेशद्वाराशी असलेल्या छोट्या कचेरीस जुने कामगार अजूनही ‘टाइम ऑफिस’ म्हणतात. आता बहुतेक ठिकाणी तिच्यावर ‘मनुष्यबळ विभाग’ अशी पाटी लागली आहे आणि समाजकार्य, वाणिज्य, व्यवस्थापन, क्वचित आमच्यासारखी कला शाखेची पदवी घेतलेली तरुण मंडळी तेथे रुजू होत आहेत. वर्षभरात त्यांचा उत्साह मावळू लागतो. पदवी घेऊन हजेरीपट भरावयाचा, रजेचे अर्ज लावावयाचे, पगारपत्रक तपासावयाचे. यात प्रगती ती कोणती, असा प्रश्न मुलगा घरी विचारतो आणि पालक तोच प्रश्न गावातील शिक्षकांकडे घेऊन येतात. प्रश्न रास्त आहे. मात्र त्याचे उत्तर शोधण्यासाठी हे पद मुळात कशासाठी निर्माण झाले, ते पाहावयास हवे.

मुंबईच्या कापड गिरण्यांत कामगार भरतीची सूत्रे दीर्घकाळ जॉबरच्या हाती होती. गावाकडून माणसे आणणारा तोच, सकाळी गिरणीच्या दाराशी बदलीवर कोणास घ्यावयाचे हे ठरविणारा तोच आणि अनेकदा उसने पैसे देणाराही तोच. नोकरी मिळविण्यासाठी व टिकविण्यासाठी त्यास दस्तुरी द्यावी लागे. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभारली व १८९० साली रविवारची सुटी पदरात पाडून घेतली, तरी जॉबरची सत्ता अबाधितच राहिली. १९२९ साली नेमलेल्या व्हिटले आयोगाने १९३१ च्या अहवालात भरतीचे व कामावरून कमी करण्याचे अधिकार जॉबरकडून काढून घ्यावेत आणि त्यासाठी कामगार अधिकारी नेमावेत, अशी शिफारस केली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने ५०० किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे बंधनकारक केले. थोडक्यात, कामगाराची भाकरी एका माणसाच्या मर्जीवर राहू नये, म्हणून ही कचेरी अस्तित्वात आली.

जॉबर गेला, हे खरे. परंतु त्याची जागा पुष्कळ ठिकाणी कंत्राटदाराने घेतली आहे. माणसे आणणारा, हजेरी मांडणारा आणि पगार वाटणारा तोच. नव्या अधिकाऱ्याच्या टेबलावर येतो तो केवळ त्याने पाठविलेला कागद. त्या कागदावर सही करून तो पुढे सरकवावयाचा की तो वाचावयाचा, येथेच या नोकरीतील वाढीचा पहिला प्रश्न उभा राहतो.

एका औद्योगिक वसाहतीची माहिती गोळा करण्यासाठी हिंडत असताना अशाच एका तरुणाची भेट झाली. विद्यापीठातून बाहेर पडून त्यास जेमतेम आठ महिने झाले होते. कंत्राटी कामगारांच्या पगारपत्रकातील जादा कामाचा रकाना त्यास खटकला. समजा, आठ तासांची मजुरी ६४० रुपये आहे. म्हणजे तासाला ८० रुपये झाले. जादा कामाचा मोबदला कायद्याने किमान दुप्पट दराने द्यावा लागतो. म्हणजे तासाला १६० आणि सहा तासांचे ९६० रुपये. पत्रकात मात्र ४८० च होते. आकडेमोड चौथीच्या मुलास जमेल अशी. तरीही ती अनेक महिने कोणी केली नव्हती. त्याने ती एका कागदावर मांडून वरिष्ठांपुढे ठेवली. कंत्राटदाराने मजुरी थकविली तर ती देण्याची जबाबदारी मूळ मालकावर येते, हेही त्याने शांतपणे खाली लिहिले. वरिष्ठ प्रथम रागावले. पुढच्या महिन्यात फरकाची रक्कम दिली गेली. त्या तरुणास बढती वगैरे काही मिळाली नाही. पण त्यानंतर कंत्राटी विभागातील माणसे आपली अडचण सांगण्यास थेट त्याच्याकडे येऊ लागली आणि ही गोष्ट व्यवस्थापनाच्याही ध्यानात आली.

दुसरे उदाहरण नामनिर्देशनाचे. याचा संबंध पंचायत सदस्यांशी थेट येतो. कामगार अकस्मात मरण पावला म्हणजे त्याची पत्नी दाखल्यासाठी प्रथम ग्रामपंचायतीच्या दारात येते. भविष्य निर्वाह निधीची रक्कम, निवृत्तिवेतन, तसेच ठेवसंलग्न विम्याची रक्कम तिला मिळावयाची असते. या विम्याची कमाल मर्यादा २०२१ पासून सात लाख रुपये करण्यात आली. पण कागदोपत्री नाव असते आईचे, कारण नोकरीस लागताना तो अविवाहित होता. निधीच्या १९५२ च्या योजनेनुसार लग्नापूर्वीचे नामनिर्देशन लग्नानंतर अवैध ठरते व नवे करावे लागते, हे त्यास कोणी सांगितलेलेच नसते. शिवाय नावाचे इंग्रजी स्पेलिंग आधारपत्रावर एक आणि निधीच्या खात्यात दुसरे; जन्मतारखेतही घोळ. मग अर्ज परत येत राहतो. लग्नासाठी रजा मागणाऱ्या कामगारास अर्ज मंजूर करतानाच “परत आल्यावर नामनिर्देशन बदलून घ्या” असे सांगणे आणि तो परत आल्यावर त्यास संगणकासमोर बसवून ते करून घेणे, यास दहा मिनिटे लागतात. ही दहा मिनिटे हाती असलेला अधिकारी, माझ्या मते, कारखान्यातील सर्वांत कनिष्ठ अधिकारीच असतो.

अभ्यास मात्र सुटता कामा नये. जुने २९ केंद्रीय कायदे एकत्र करून २०१९ व २०२० साली संमत झालेल्या चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. कल्याण अधिकाऱ्यासाठीची कामगारांची मर्यादा ५०० वरून २५० वर आली. राजीनामा दिलेल्या अथवा कामावरून काढलेल्या कामगाराचे वेतन दोन कामाच्या दिवसांत चुकते करावयाचे आहे. वर्षानुवर्षे तोंडपाठ केलेले नियम अशा वेळी अनुभवी माणसासही पुन्हा वाचावे लागतात. म्हणजे नवा आणि जुना काही काळ एकाच बाकावर बसतात. तरुणांनी ही संधी दवडू नये. मार्गदर्शिका वाचून थांबू नये, मूळ कलम वाचावे. इंग्रजी कच्चे असेल तर शब्दकोश जवळ ठेवून वाचावे. मीही शासन निर्णय असेच वाचावयास शिकलो.

शिस्तभंगाची चौकशी हा या क्षेत्रातील सर्वांत कठीण धडा होय. आरोपपत्र कामगारास समजेल अशा भाषेत असावे, त्यात दिनांक, वेळ व कृत्य नेमके असावे, बचावाची पुरेशी संधी मिळावी आणि निलंबन असेल तर पहिले ९० दिवस निम्म्या वेतनाइतका निर्वाह भत्ता द्यावा, ही त्याची चौकट. ‘उद्धट वर्तन केले’ एवढेच लिहिलेले आरोपपत्र न्यायालयात टिकत नाही, कारण त्यात काय घडले हेच नसते. कोणते शब्द उच्चारले गेले, कोणासमोर, कशावरून, हे लिहावयास आधी यंत्रापाशी जाऊन चार माणसांचे ऐकावे लागते. दोन कामगारांच्या हकिकतींत फरक पडला तर दोन्ही जशाच्या तशा नोंदवाव्या लागतात. पहिल्या वर्षी चौकशी अधिकाऱ्याशेजारी बसून नुसती नोंद करण्याचे काम मिळाले, तरी ते कमी लेखू नये.

येथे एक अप्रिय गोष्टही सांगावयास हवी. हा अधिकारी व्यवस्थापनाचा पगारी माणूस असतो. कामगारांचा प्रतिनिधी नव्हे. कधी त्याला न पटलेल्या निर्णयाचे पत्र त्यालाच द्यावे लागते. अशा वेळी खोटे आश्वासन देण्याचा मोह होतो, “बघू, काही तरी करू” असे तोंडून निघून जाते. कामगार तो शब्द वर्षानुवर्षे लक्षात ठेवतो. त्यापेक्षा होणार नसेल ते होणार नाही असे त्याच दिवशी सांगितलेले बरे.

पुढील शिक्षणाची सोय राज्यात जुनी आहे. १९३६ साली मुंबईत सुरू झालेली समाजकार्याची शाळा आज टाटा समाजविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. परळ येथील राज्य शासनाच्या श्रम विज्ञान संस्थेस लोखंडे यांचेच नाव असून तेथे श्रमविषयक पदव्युत्तर शिक्षण मिळते. दोन-तीन वर्षे कारखान्यात काढून मग अशा अभ्यासक्रमाकडे वळणाऱ्यांस वर्गात विचारण्यासारखे प्रश्न अधिक असतात, असे दिसते.

वर उल्लेखिलेला तरुण आता दुसऱ्या कारखान्यात आहे. मध्यंतरी त्याचा दूरध्वनी आला होता. नव्या ठिकाणी रुजू झाल्यावर त्याने पहिल्याच आठवड्यात कंत्राटदारांची पगारपत्रके मागविली. त्यांपैकी दोन अद्याप आलेली नव्हती.