रविवारचे आगंतुक

चिंचणीच्या किनाऱ्यावर रविवारी सकाळी आधी आवाज येतो, मागाहून मोटारसायकली. मुंबई-ठाण्याहून अंधारात निघालेला ताफा महामार्गावरून चिल्हार फाट्याला वळतो, बोईसरची कारखानदारी मागे टाकतो आणि सुरूच्या बनापाशी येऊन थांबतो. त्यांच्या भाषेत ही 'ब्रेकफास्ट राइड'. पुढे 'लीड', मध्ये 'मार्शल', सगळ्यांत शेवटी 'स्वीप'. ताफ्याला शिस्त असते, पण ती ताफ्यापुरती. रात्रभर समुद्रावर काढून नुकताच आडवा झालेला मच्छीमार त्या शिस्तीच्या हिशेबात कुठेच नसतो.

गावाची कुरकूर ऐकली की वाटतं, हा नव्या पिढीच्या उर्मटपणाचा प्रश्न आहे. जगभरच्या मोटारसायकल मेळ्यांचा इतिहास मात्र वेगळं सांगतो. भांडण बहुतेकदा स्वभावाचं नसतं. पाहुण्याला बोलावलं कोणी आणि त्याच्याबद्दल जाब कोणाला विचारायचा, यावरून ते पेटतं.

या कहाणीची सुरुवात कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टरपासून करतात. वस्ती साडेचार हजारांच्या आसपास, पोलीस सातच. 1947 च्या 4 जुलैच्या सुट्टीत तिथे सुमारे चार हजार मोटारसायकलस्वार उतरले. दारू, रस्त्यावरच्या शर्यती, धरपकड असं सगळं झालं. 'लाईफ' साप्ताहिकात बाटल्यांच्या ढिगात गाडीवर बसलेल्या इसमाचं छायाचित्र आलं आणि गुंड मोटारसायकलस्वाराची प्रतिमा पक्की झाली. 1953 चा 'द वाइल्ड वन' हा चित्रपट याच घटनेवर बेतलेला. ब्रिटनने तो चौदा वर्षं रोखून धरला. पुढे 1997 मध्ये, घटनेच्या पन्नाशीला, हॉलिस्टरने स्वतःच मेळा भरवला. लुटले गेलो म्हणणाऱ्या गावाने आता आमंत्रण धाडलं! पण नंतर बंदोबस्ताचा खर्च झेपेना, म्हणून मेळा मध्येमध्ये बंद पडत राहिला.

साउथ डकोटातल्या स्टर्जिसची गोष्ट याहून बोलकी आहे. 1938 मध्ये मूठभर स्वारांच्या शर्यतीने सुरू झालेल्या तिथल्या मेळ्याला 2015 मध्ये, पंचाहत्तराव्या वर्षी, सात लाखांहून अधिक लोक आले. गावाची वस्ती सात हजारांच्या आसपास. विक्रेत्यांचे परवाने, प्रायोजक, भाड्याने दिलेली अंगणं यांतून गावाने मेळ्याभोवती अख्खी व्यवस्था उभी केली आहे. 2020 मध्ये कोविडच्या काळात नगर परिषदेने रहिवाशांचं मत घेतलं. साठ टक्क्यांहून अधिक लोक म्हणाले, यंदा पुढे ढकला. तरी मेळा झाला. कारभाऱ्यांचा एक युक्तिवाद होता, की नाही म्हटलं तरी लोक येणारच, मग तयारीत असलेलं बरं. 'येणारच' या शब्दापाशी यजमानाचं यजमानपण संपतं.

आपल्याकडे हा खेळ गोव्यात रंगला. 'इंडिया बाइक वीक' 2013 च्या फेब्रुवारीत वागातोरला सुरू झाला. रॉयल एनफिल्डचा 'रायडर मॅनिया', ज्याला 2023 पासून 'मोटोव्हर्स' म्हणतात, तोही वागातोरच्या टेकडीवर भरला आहे. गोव्याला दुचाकीचं वावडं मुळीच नाही. काळ्या-पिवळ्या मोटारसायकलवरून भाडं नेणारे 'पायलट' ही तिथली जुनी, परवानाधारक जमात आहे आणि भाड्याच्या दुचाकींवर कित्येक घरं चालतात. तरीही हणजूण-वागातोरच्या रहिवाशांना रात्रीच्या पार्ट्यांच्या गोंगाटाविरुद्ध उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. तो वाद एकट्या मोटारसायकलींचा नव्हता, रात्री दहानंतरही न थांबणाऱ्या संगीताचा होता. पण वागातोरकराच्या हाती एक गोष्ट होती. मेळ्याला आयोजक असतो, परवानगीचा कागद असतो, पंचायतीचा ना हरकत दाखला असतो, बंद करण्याची वेळ ठरलेली असते. तक्रार कोणाविरुद्ध करायची, हे ठाऊक असतं. 2021 मध्ये 'बाइक वीक' लोणावळ्याजवळच्या अँबी व्हॅलीत भरला. आयोजक असला, की मेळ्याची जागासुद्धा हलवता येते. रविवारच्या ताफ्याला हलवणार कोण?

लडाखने निराळी वाट धरली. बाहेरून भाड्याने आणलेल्या मोटारसायकली पँगाँग-नुब्राकडे न्यायला तिथल्या भाडेव्यावसायिकांनी मज्जाव केला. लेहला उतरा, पुढची गाडी आमच्याकडून घ्या! यात धंद्याची नाकेबंदी आहे, हे खरं. पण दार कुठे आहे आणि ते कोण उघडतं, याबद्दल पाहुण्याच्या मनात शंका उरत नाही.

कायद्याकडे वळलं, तर तो एकेका गाडीपुरता पाहतो. 175 सीसीवरच्या मोटारसायकलीला चाचणीत 80 डेसिबलची मर्यादा आहे. निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा 55, रात्रीची 45. ही दोन मापं वेगळ्या पद्धतीची, म्हणून सरळ वजाबाकी करता येत नाही. पण हिशेबाचा रोख कळतो. सारख्या आवाजाच्या तीस गाड्या एकदम गुरगुरल्या, तर एका गाडीच्या आवाजात सुमारे 15 डेसिबलची भर पडते. म्हणजे प्रत्येक स्वार नियमात आणि ताफा मात्र असह्य, असं होऊ शकतं. त्यात कोणी कानठळ्या बसवणारा 'इंदोरी फटाका' सायलेन्सर लावला असेल, तर नियम उघडउघड मोडलेलाच असतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. फक्त तो करायला रविवारी सकाळी साडेसातला तिथे कोणीतरी हजर असावं लागतं.

चिंचणीच्या शेजारच्या तारापूरला न बोलावलेल्या पाहुण्यांची सवय जुनी आहे. पोर्तुगीजांनी इथे किल्ला बांधला. 1739 मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी तो घेतला, तेव्हा मराठा सरदार बाजी भिवराव इथे पडले. 1969 मध्ये देशातलं पहिलं अणुवीज केंद्र इथे सुरू झालं. त्याच्या पुढच्या दोन अणुभट्ट्यांसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. मग औद्योगिक वसाहत, टँकर, रसायनांचा वास. खाडीपलीकडचं चिंचणी डहाणू तालुक्यात येतं आणि हा तालुका 1991 पासून पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून अधिसूचित आहे. ती अधिसूचना कारखान्यांवर नजर ठेवते. वाळूवर चढणाऱ्या चाकांचा विचार तेव्हा कोणी करावा?

या सगळ्यांपुढे रविवारचा ताफा किरकोळ आहे. पण आधीच्या प्रत्येक आगंतुकाला निदान एक कार्यालय होतं. तिथे मोर्चा नेता यायचा, नोकरी मागता यायची, भरपाईसाठी भांडता यायचं. ताफ्याला कार्यालय नाही. पेट्रोल महामार्गावर भरलेलं, न्याहारी मनोरला झालेली. गावाच्या वाट्याला येतात ते आवाज, चाकांच्या खुणा आणि पाण्याच्या रिकाम्या बाटल्या. याच किनाऱ्यावरच्या केळव्यात घरगुती खाणावळी आणि राहण्याची सोय आहे, म्हणून तिथे पाहुण्यात आणि गावात चार पैशांचं, चार शब्दांचं नातं होतं. नात्यात भांडणही होतं, पण ते कोणाशी तरी होतं.

म्हणून मला उपाय बंदीत दिसत नाही, पावतीत दिसतो. सुरूच्या बनाअलीकडे एक आडवा बांबू, गाडी लावायची जागा आणि ग्रामपंचायतीचं पावतीपुस्तक. वीस-तीस रुपयांनी पंचायत श्रीमंत होणार नाही. पण पावती फाडली, की देणारा विचारू शकतो, शौचालय कुठे आहे? आणि घेणारा सांगू शकतो, इंजिन इथे बंद करा, पुढे माणसं झोपली आहेत.