श्वसन-आणीबाणी : रुग्णालयपूर्व उपचार

श्वसन-आणीबाणी : श्वसनमार्ग, फुप्फुसे किंवा श्वसनाचे स्नायू यांच्या कार्यात एकाएकी बिघाड होऊन शरीरास पुरेसा ऑक्सिजन न मिळण्याची अवस्था. मेंदूचा ऑक्सिजन-पुरवठा पूर्णपणे थांबल्यास सुमारे ४ ते ६ मिनिटांत कायमची इजा होऊ लागते. म्हणून रुग्णालय दूर असेल तेथे जागेवर व वाहनात केलेल्या उपचारांवरच बहुधा रुग्णाचे जीवित अवलंबून असते.

लक्षणे : निरोगी प्रौढ व्यक्तीचा श्वसनवेग विश्रांत अवस्थेत मिनिटाला १२ ते २० असतो. वेग बराच वाढणे, एका श्वासात वाक्य पुरे न होणे, मानेचे व बरगड्यांमधील स्नायू आत ओढले जाणे, घाम व अस्वस्थता ही प्रारंभीची लक्षणे होत. ओठ व नखे निळसर होणे (नीलविवर्णता), गुंगी येणे आणि श्वास मंद व उथळ होणे ही अंतिम टप्प्याची चिन्हे होत. दम्याच्या रुग्णाच्या छातीतील घरघर थांबली, परंतु तो थकत चालला, तर ती सुधारणा नसून धोक्याची सूचना असते.

प्रथमोपचार : शुद्धीवरील रुग्णास बसते ठेवतात. बेशुद्ध रुग्णाचे डोके मागे कलवून व हनुवटी उचलून जिभेने अडलेला मार्ग मोकळा करतात. घशात घास अडकून खोकता येत नसल्यास पाठीवर खांद्याच्या फऱ्यांमध्ये ५ ठोके व नंतर पोटावर ५ दाब आलटून पालटून देतात. एक वर्षाखालील बालकास पोटाऐवजी छातीवर दाब देतात. श्वास थांबून नाडी चालू असल्यास प्रौढास दर ५-६ सेकंदांनी एक कृत्रिम श्वास देतात. बुडालेल्याच्या पोटातील पाणी काढण्यात वेळ न दवडता प्रथम कृत्रिम श्वास देणे आवश्यक असते.

शिरूर व दौंड : पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील या तालुक्यांत भीमा व घोड नद्यांच्या पाण्यावर ऊस मोठ्या प्रमाणावर होतो. रात्री जमिनीवर झोपणाऱ्यांना, विशेषतः कोप्यांत राहणाऱ्या ऊसतोडणी मजुरांना, मण्यारीच्या दंशाचा धोका असतो. हा दंश बहुधा वेदनारहित असून जागी सूज येत नाही व दातांच्या खुणाही पुष्कळदा दिसत नाहीत. काही तासांनी पोटदुखी, पापण्या मिटणे, गिळता न येणे, आवाज अनुनासिक होणे व मान न सावरणे ही लक्षणे क्रमाने दिसतात. नंतर श्वसनस्नायू लुळे पडतात. पहाटेची अकारण पोटदुखी व जड पापण्या यांची सांगड त्यामुळे महत्त्वाची ठरते. विषाने मज्जातंतूंची टोके एकदा बिघडली म्हणजे प्रतिसर्पविषाने ती तत्काळ पूर्ववत होत नाहीत. परंतु कृत्रिम श्वसन अखंड चालू ठेवल्यास रुग्ण काही दिवसांत पूर्ण बरा होऊ शकतो. डोळे न उघडणारा, निश्चल रुग्ण मृत वा बेशुद्ध वाटला, तरी पुष्कळदा तो सर्व ऐकत असतो. आवळपट्टी, चिरा व मांत्रिकाकडील फेऱ्या यांनी केवळ विलंब होतो. दंश झालेला अवयव स्थिर करून, रुग्णास न चालवता, उलटी होत असल्यास कुशीवर निजवून नेतात.

कीटकनाशकांच्या (ऑर्गॅनोफॉस्फरस) विषबाधेत लाळ व श्वासनलिकांतील स्राव वाढून श्वास अडतो. अशा वेळी कपडे काढून त्वचा धुणे, स्राव शोषून घेणे व ॲट्रोपीन देणे हे उपचार असतात.

रुग्णवाहिका : महाराष्ट्रात २०१४ मध्ये ‘१०८’ ही आपत्कालीन सेवा सुरू झाली. प्रारंभीच्या ९३७ वाहनांपैकी २३३ प्रगत जीवाधार प्रकारची होती. वाहनात ऑक्सिजन व हाताने दाबावयाची श्वसनपिशवी असते. स्नायू लुळे पडलेल्या रुग्णास श्वसनयंत्र असलेल्या रुग्णालयात पोहोचेपर्यंत पिशवीचा दाब थांबू न देणे, हाच प्रवासातील मुख्य उपचार होय. [⟶ कृत्रिम श्वसन, सर्पदंश].