दारिद्र्य आणि उद्याची शाश्वती

१८७६ साली मुंबईत ईस्ट इंडिया असोसिएशनच्या शाखेपुढे दादाभाई नौरोजींनी हिंदुस्थानच्या दारिद्र्यावर आपला निबंध वाचला, तेव्हा त्यांच्यापुढे मोठा पेच होता. जे दैन्य या देशात वावरणाऱ्या कोणालाही दिसत होते, परंतु सरकारी अहवालांतील भरभराटीच्या वर्णनांखाली दडपले जात होते, ते राज्यकर्त्यांना नाकारता येणार नाही अशा रीतीने सिद्ध कसे करावयाचे? त्यासाठी दादाभाईंनी साक्षीला काढली ती सरकारचीच दप्तरे. प्रांतोप्रांतीच्या पीकपाण्याचे आकडे जुळवून त्यांनी दरसाल दरमाणशी उत्पन्न सुमारे २० रुपये काढले. आणि त्याच्याशी ताडून पाहण्यासाठी, परमुलखी मजुरीस जाणाऱ्या माणसांना जहाजावर निवांत बसून असता किती शिधा द्यावा याचा सरकारी नियम, तसेच तुरुंगातील कैद्यांच्या अन्नवस्त्राचा खर्च, हे दोन्ही त्यांनी समोर मांडले. केवळ तग धरण्यास लागणारी ही रक्कम प्रांतपरत्वे १६ ते ३५ रुपयांच्या दरम्यान भरत होती. सरासरीचे २० रुपये सर्वांच्या वाट्यास सारखे येत नव्हते, हे ध्यानात घेतले म्हणजे, गुन्हेगाराला सरकार जेवढे खाऊ घालते तेवढेही कष्टाळू रयतेपैकी असंख्यांना मिळत नाही, हा निष्कर्ष टाळणे अशक्य होते.

पुढे पाव शतकाने इंग्लंडातील यॉर्क शहरात सीबोम राउंट्री या चॉकलेट-कारखानदाराच्या मुलाने हेच काम घरोघर फिरवून घेतलेल्या पाहणीने केले. १८९९ साली ११,५६० कामगार कुटुंबांची माहिती गोळा करून, आईबाप आणि तीन मुले यांना आठवड्यास किमान २१ शिलिंग ८ पेन्स लागतात, असा हिशेब त्याने बसविला, आणि शहराच्या लोकसंख्येपैकी जवळजवळ २८ टक्के लोक दारिद्र्यात आहेत असे १९०१ साली प्रसिद्ध केले. साम्राज्याच्या ऐन वैभवाच्या काळात, त्याच साम्राज्याच्या मायभूमीत! त्याने धरलेले मान इतके कठोर होते की, त्या हिशेबात वर्तमानपत्राला अर्धा पेनी नव्हता आणि परगावी राहणाऱ्या लेकरास पत्र पाठवावयाचे तर टपालहशिलाचीही सोय नव्हती. या पाहणीतून आणखी एक गोष्ट उघडकीस आली. मजुराच्या आयुष्यात दारिद्र्य लाटांसारखे येते: एकदा बालपणी, दुसऱ्यांदा स्वतःची मुले लहान असताना आणि तिसऱ्यांदा हातपाय थकल्यावर. आज ज्याचे बरे चालले आहे तोही पाच वर्षांपूर्वी दारिद्र्यरेषेखाली होता किंवा दहा वर्षांनी जाणार असतो.

स्वतंत्र भारतात पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली दिवसाला २,२५० उष्मांकांचे अन्न हा आधार धरून, १९६०-६१ साली ग्रामीण जनतेपैकी सुमारे ४० टक्के आणि शहरी जनतेपैकी सुमारे ५० टक्के लोकांना तेवढेही मिळत नव्हते, असे दाखविले. जागतिक बँकेने १९९० च्या सुमारास दिवसाला एक डॉलरची जी रेषा सर्व जगासाठी आखली, ती महागाई व निरनिराळ्या देशांतील क्रयशक्ती पाहून वेळोवेळी वर सरकत २०२५ साली तीन डॉलरवर आली आहे. त्या मानाने जगातील सुमारे ८० कोटी माणसे आज आत्यंतिक दारिद्र्यात आहेत. १९९० साली दर तीन माणसांमागे एकाहून अधिक माणूस या अवस्थेत होता, आता दर दहांमागे एक आहे; या सुधारणेचा फार मोठा वाटा चीनचा आहे, तर उरलेल्या दरिद्री जनतेपैकी बहुसंख्य लोक सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत, म्हणजे जेथे पोट आकाशातून पडणाऱ्या पावसावर अवलंबून असते आणि कित्येक ठिकाणी यादवी युद्धे थांबत नाहीत अशा मुलखांत, राहतात.

या सर्व मोजणीविषयी मला नितांत आदर आहे, कारण दारिद्र्याला आकडा लाभल्यावाचून ते सरकारच्या जबाबदारीत जमा होत नाही. परंतु ‘दिवसाला इतके’ या मापात दरिद्री माणसाचे सर्वांत मोठे दुःख मावत नाही, असे मला वाटते. बांगलादेश, भारत आणि दक्षिण आफ्रिका या देशांतील अडीचशेंहून अधिक गरीब कुटुंबांचे जमाखर्च काही संशोधकांनी वर्षभर दर पंधरवड्यास टिपून घेतले आणि ते २००९ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यातून दिसले ते हे की, दिवसाला दोन डॉलर सरासरी असणाऱ्यांना ते दोन डॉलर रोज मिळतच नाहीत. एखाद्या दिवशी चार हाती येतात, मग आठवडाभर काहीच येत नाही, आणि आजार, बाळंतपण, मर्तिक या गोष्टी तर हातात पैसा असल्याची वाट पाहत नाहीत. म्हणून हातउसने, गहाण, भिशी, दुकानदाराची उधारी अशा अनेक खात्यांचा हिशेब एखादी निरक्षर बाई एकाच वेळी डोक्यात वागवीत असते.

ही अशाश्वती माणसाकडून कोणती किंमत वसूल करते, हे पाहावयाचे तर बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुरांकडे पाहावे. कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरात पेरणीच्या आणि शाळा उघडण्याच्या दिवसांत पैशाची सर्वांत अधिक ओढ असते, आणि नेमक्या त्याच पावसाळी महिन्यांत मजूर जमविणारा मुकादम उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, देतो. उचल घेतली की येणारा हंगाम विकला गेला. दसरा-दिवाळीच्या सुमारास कुटुंब भांडी-कुंडी, शेळी आणि लहान मुले घेऊन कारखान्याच्या परिसरात जाते आणि कोपी, म्हणजे झोपडी, घालून राहते. नवरा-बायको मिळून हिशेबात एक ‘कोयता’ धरला जातो. त्याने ऊस तोडावयाचा, तिने मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीत चढवावयाच्या, आणि गाडी मध्यरात्री आली तरी मध्यरात्री भरावयाची. मजुरी टनावर ठरते आणि उचलीत वळती होते. तापाने अंथरूण धरले तर तेवढ्या दिवसांचा खाडा मांडला जातो, आणि हंगामाच्या शेवटी उचल फिटली नसेल तर ती बाकी पुढील सालच्या खात्यावर चढते. या मजूर बायकांनी गर्भाशय काढून टाकल्याची जी असंख्य उदाहरणे २०१९ साली बीडमध्ये उघडकीस आली आणि ज्यांची चौकशी शासनाला करावी लागली, त्यांच्यामागे पाळीच्या दिवसांत पडणाऱ्या खाड्याची धास्ती हेही एक कारण होते. गर्भपिशवीऐवजी एका दिवसाची मजुरी राखावी, असे जिला वाटू लागते, तिचे दारिद्र्य किती डॉलरांचे म्हणावयाचे?

अशा माणसाला दानधर्मापेक्षा भरवसा हवा असतो. आणि हा भरवसा कायद्याने देण्याचा मार्ग महाराष्ट्रानेच जगाला दाखविला. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातील गावांत प्रयोग करून एक साधी तजवीज पुढे मांडली होती: खेड्यातील जो प्रौढ माणूस अंगमेहनतीचे काम मागेल त्याला ते देणे सरकारवर बंधनकारक असावे. १९७२ चा दुष्काळ आला, तेव्हा दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे खडी फोडीत आणि माती वाहत होती. उभी पिके जळाली तरी मजुरी हाती येत राहिली, बाजारातून धान्य घेता आले, आणि एवढ्या भीषण अवर्षणात व्यापक भूकबळी टळले. पुढे अमर्त्य सेन यांनी १९८१ साली, दुष्काळात माणसे मरतात ती पुष्कळदा धान्य विकत घेण्याची ऐपत गेल्यामुळे, हा सिद्धांत मांडला. आमच्या लोकांनी त्याचा प्रत्यय खडीच्या ढिगाऱ्यांवर आधीच घेतला होता. रोजगार हमीचा कायदा १९७७ साली संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. त्याच्या खर्चासाठी शहरांतील पगारदारांवर आणि व्यावसायिकांवर कर बसविण्यात आला. मुंबईच्या कचेरीतील कारकुनाच्या पगारातून कापले जाणारे चार पैसे दुष्काळी माण-आटपाडीच्या पाझर तलावावर खर्च व्हावेत, यात जो सामाजिक विवेक होता त्याचा मला आजही अभिमान वाटतो. या कामांवर स्त्रिया मोठ्या संख्येने आल्या, आणि १९९० नंतर त्याच योजनेतून कोरडवाहू जमिनींवर आंबा, बोर, डाळिंबाच्या बागाही उभ्या राहिल्या. २००५ साली साऱ्या देशासाठी केंद्राने जो कायदा केला, त्यामागे महाराष्ट्राचा हा अनुभव होता.

मग एवढे असता बीडचा कोयता अद्याप का निघतो? कारण हमी कागदावर असली तरी काम वेळेवर निघत नाही, निघाले तर हजेरीपटावरील मजुरी महिनोन्‌महिने बँकेत जमा होत नाही, आणि मुकादम मात्र सारी रक्कम एकरकमी, रोख, दारात आणून देतो. जून ते सप्टेंबर या काळात त्या कुटुंबाला बियाण्यासाठी आणि औषधपाण्यासाठी रास्त व्याजाने कर्ज मिळाले, दिवाळीनंतर गावाच्या शिवारात काम चालू राहिले आणि आठवड्याची मजुरी आठवड्यात हाती पडली, तर उचल घ्यावी की न घ्यावी याचा विचार करण्याची मोकळीक त्याला प्रथमच लाभेल. या तिन्ही गोष्टी तालुक्याच्या कचेरीतून आणि जिल्हा बँकेच्या गल्ल्यावरून होण्याजोग्या आहेत. त्यासाठी नवा कायदा लागत नाही.