चिकटवहीत राहिलेलं क्वार्टर

आईची चिकटवही म्हणजे नई सडकवरून आणलेलं एक लांबट, कापडी पाठीचं रजिस्टर. त्यातल्या एका पानावर दुधाच्या टोकनाचा ठसा आहे. मदर डेअरीच्या बूथवर मशीनमध्ये टोकन टाकलं की खाली धरलेल्या भांड्यात दूध पडायचं, ते टोकन. आईनं ते चिकटवलेलं नाही. त्यावर कागद धरून पेन्सिल आडवी घासली आहे आणि गोल कड कागदावर उमटून आली आहे. खाली तिच्या बारीक अक्षरात तारीख आणि दोन ओळी: सासूबाई काल झेलमनं पुण्याला परतल्या. आजपासून एक टोकन कमी.

आजी त्या हिवाळ्यात आमच्याकडे राहून गेली, हे मला फक्त या पानामुळे माहीत आहे.

आता मी नोएडात राहते. आमच्या मंडळातल्या बायकांना, आणि अलीकडे काही आजोबांनाही, घरची चिकटवही करायला बसवते. बसण्याआधी जे ऐकू येतं ते सहसा तेच ते असतं. त्यातलं बरंचसं चुकीचं आहे, आणि त्या चुकीपायी घराघरातून फार मोलाचं काही रद्दीत जातं, म्हणून हे लिहिते आहे.

“बारसं, मुंज, लग्न एवढं ठेवलं की झालं. रोजच्यात काय ठेवायचं?”

वस्तुस्थिती नेमकी उलटी आहे. लग्नाचे फोटो मामाकडे असतात, आत्याकडे असतात, चार घरांत असतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये तालकटोरा स्टेडियमवर ९८वं साहित्य संमेलन झालं. १९५४ नंतर दिल्लीत प्रथमच. त्या तीन दिवसांचे फोटो इथल्या प्रत्येक मराठी घरात आहेत. त्याच आठवड्यातल्या मंगळवारी घरी कोण किती वाजता उठलं आणि डब्यात काय होतं, हे कोणाकडेच नाही. रोजची गोष्ट उद्याही असणारच, असं आपण धरून चालतो.

आम्हीही धरून चाललो होतो. सरोजिनीनगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये माझं बालपण गेलं. जुलै २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं दिल्लीतल्या सात सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली. सरोजिनीनगर, नेताजीनगर, नौरोजीनगर, कस्तुरबानगर, त्यागराजनगर, श्रीनिवासपुरी आणि मोहम्मदपूर. २०१८ च्या जूनमध्ये तिथली झाडं वाचवायला लोक रस्त्यावर उतरले, उच्च न्यायालयानं झाडतोड थांबवली, बातम्या झाल्या. झाडांविषयी लोक बोलले हे चांगलंच झालं. घरांविषयी कोण बोलणार? ती सरकारची होती, आम्ही बदलीवर आलेले. पण माझी पहिली अक्षरं तिथल्याच व्हरांड्याच्या फरशीवर खडूनं काढलेली होती.

क्वार्टर पाडल्याचं कळलं त्या दिवशी मी घरातले सगळे अल्बम काढून बसले. बैठकीच्या खोलीत ओळीनं उभे असलेले आम्ही सापडलो, कुतुबमिनारासमोरचे आम्ही सापडलो. स्वयंपाकघराचा एकही फोटो नव्हता. सापडलं ते आईच्या चिकटवहीत: पट्टीनं आखलेला घराचा नकाशा. ओटा, खिडकी, कूलर ठेवायची जागा, मागच्या अंगणातलं जांभळाचं झाड, आणि ओट्याशेजारी बाण काढून लिहिलेलं “इथे ऊन ११ पर्यंत”. पुढच्या पानांवर दिल्ली मिल्क स्कीमचं कार्ड, सुपर बाजारचं बिल, सीजीएचएसच्या दवाखान्याची चिठ्ठी, बाबांचा डीटीसीचा पास. दिल्लीत नोकरीसाठी आलेल्या मराठी माणसाला इथे वाडा नसतो, शेत नसतं, ग्रामदैवत नसतं. एवढे कागद असतात.

रोजच्या कागदांचं हे मोल इतिहासाचे अभ्यासक केव्हापासून जाणून आहेत. पुण्याच्या पेशवे दफ्तरात लढायांची आणि तहांची पत्रं आहेत, तशी रोजकीर्दही आहे: दिवसाचा खर्च, कोणाला काय दिलं, काय घेतलं. धान्याचा भाव काय होता, कोणाला किती मजुरी मिळत होती, हे आज सांगता येतं ते अशा कीर्दींमुळे. लिहिणारा कारकून इतिहास लिहायला बसला नव्हता. त्या दिवसाचा हिशेब पुरा करत होता.

म्हणून मी सांगते, या महिन्याचं किराण्याचं बिल ठेवा. मोलकरणीनं सुट्टी घेतली म्हणून भांडी कोणी घासली ते लिहा. नोव्हेंबरात हवा बिघडून शाळा बंद झाली तर त्या दिवशी मुलं घरात काय खेळली ते लिहा.

“हे अमेरिकेतलं फॅड आहे.”

बाजारात मिळणारे रंगीत कागद आणि स्टिकर तिकडून आले, हे खरं. लेखक मार्क ट्वेन यांनी आधीच डिंक लावलेल्या पानांच्या चिकटवहीचं पेटंट १८७३ मध्ये घेतलं होतं. आजच्या या छंदाची लाट युटा राज्यातल्या मॅरिलेन ख्रिस्तेन्सन यांच्यापासून धरतात. १९८० मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या एका जागतिक परिषदेत त्यांनी आपल्या कुटुंबाच्या वह्या मांडल्या, पन्नासेक खंड. पण त्याच युटातल्या वंशावळ संस्थेची माणसं आपल्याकडे हरिद्वारला आली होती, तीर्थोपाध्यांच्या वह्यांच्या मायक्रोफिल्म काढायला. दिल्लीहून हरिद्वार चार-पाच तासांवर आहे. मी गेले तेव्हा उपाध्यायांनी लांबलचक वही उलगडली आणि पणजोबांच्या हातची सही समोर आली. गाव, कुळ, बरोबर कोण आलं होतं, कोणाच्या अस्थी आणल्या होत्या. “चिकटवही”, “कात्रणवही” हे शब्दही आपल्या भाषेत मुरलेले आहेत, कोणी कालपरवा आणून बसवलेले नाहीत.

“फोनमध्ये सगळं आहे.”

फोनमध्ये चित्र आहे. तारीखही असते, पण तो फोटो व्हॉट्सॲपवरून फिरला की आकार आक्रसतो आणि मूळ तारीख-ठिकाणाची नोंद गळून पडते. आणि चित्रातल्या मावशी कोणाच्या मावशी, त्या हसताहेत त्या कशावर, हे कोणताच फोन सांगत नाही. महिन्याला पाच फोटो छापून घ्या. पाच पुरतात.

“लॅमिनेट केलं की कायमचं टिकतं.”

या एका समजुतीनं सर्वाधिक नुकसान केलं आहे, म्हणून इथे जरा थांबते.

लॅमिनेशनमध्ये कागद उष्णतेनं प्लास्टिकला कायमचा जोडला जातो. पुढे प्लास्टिक पिवळं पडलं, सुटायला लागलं, तरी आतला कागद सोडवता येत नाही. एके काळी मोठ्या अभिलेखागारांतही जीर्ण कागदांवर सेल्युलोज ॲसिटेटचा पातळ पापुद्रा चढवायचे. आता जतन करणारे जे काढून घेता येईल तेच लावायचं, या मताचे आहेत. दिल्लीतच याचं सर्वात मोठं उदाहरण आहे. संविधानाच्या हस्तलिखित प्रती संसदेच्या ग्रंथालयात १९९४ पासून नायट्रोजन भरलेल्या पेट्यांमध्ये आहेत. पेट्या नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेनं अमेरिकेतल्या गेटी संस्थेच्या सहकार्यानं तयार केल्या. त्यातली हिंदी प्रत वसंत कृष्ण वैद्य यांच्या अक्षरातली, आणि तिचा कागद पुण्याच्या हातकागद संस्थेतला. देशातल्या सर्वात मोलाच्या पानांचं रक्षण हे असं: पानाला चिकटवलेलं नाही, पानाभोवती ठेवलेलं.

घरी नायट्रोजन नको, थोडं शहाणपण पुरतं. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातल्या लिग्निनमुळे आणि आम्लामुळे तो पिवळा पडून कुडकुडीत होतो, आणि शेजारच्या पानावरही डाग पाडतो. कात्रणाची चांगल्या कागदावर झेरॉक्स काढून ती लावा. दुकानाच्या पावत्या, एटीएमच्या चिठ्ठ्या, ईसीजीची पट्टी हे सगळं उष्णतेवर उमटणाऱ्या कागदावर असतं. दिल्ली मेट्रोत २०२३ पासून टोकनाच्या जागी कागदी क्यूआर तिकिटं आली, ती ठेवायची तर त्यांचीही आधी प्रत काढा. दिल्लीच्या उन्हाळ्यात कपाटातही असा कागद कोरा होतो, आणि मऊ पीव्हीसीच्या खिशात तर आणखी लवकर.

सेलोटेप नको. तिचा चिकटा आत मुरतो आणि तपकिरी पट्टा मागे राहतो. पिना आणि स्टेपल पावसाळ्यात गंजतात. पांढरा गोंद एकदा वाळला की मूळ कागद फाटल्याशिवाय निघत नाही. आई मैद्याची पातळ खळ लावायची, तीही फक्त कोपऱ्यांना. पाण्यानं ती सुटते, म्हणून पुस्तकं दुरुस्त करणारे आजही खळीकडेच वळतात. मात्र खळ कसरीला आवडते, तेव्हा हात आवरता ठेवायचा आणि पान पुरतं वाळल्यावरच वही मिटायची. त्याहून बरे फोटो अडकवायचे कागदी कोपरे, फोटोला काही लागतच नाही. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीनं, कडेला, दाब न देता लिहा. बॉलपेननं लिहिलेलं नाव पुढच्या बाजूला चेहऱ्यावर उमटतं, हे मी माझ्याच आजोबांच्या फोटोवर पाहिलं आहे.

आणि वही प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका. जुलै-ऑगस्टची दमट हवा आत कोंडते आणि बुरशी धरते. आपल्याकडे दफ्तराचे कागद कापडात बांधत, त्या बांधणीलाच रुमाल म्हणत. पुण्याच्या दफ्तरात असे हजारो रुमाल आहेत. धुवट सुती कापड, भिंतीपासून दूर ठेवलेलं लाकडी नाही तर लोखंडी कपाट, आणि दसऱ्याच्या सुमारास एकदा सगळी पानं उलटून पाहणं, एवढं करा.

“त्याला कला लागते, पैसे लागतात.”

चावडी बाजारात जाऊन या. लग्नपत्रिकांच्या दुकानांच्या पलीकडे जाड, साधा कागद मिळतो. कात्री आणि पेन्सिल घरात असतेच. आईला चित्र काढता येत नव्हतं.

“पुढे वाचणार कोण? मुलांना मराठी येत नाही.”

ही भीती खरी आहे, म्हणून तिला हळुवारपणे उत्तर द्यायला हवं. पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेत शिकलेली पिढी वेगळी होती. गुरुग्राम-नोएडातली बहुतेक मुलं इंग्रजी शाळेत जातात आणि खाली खेळताना हिंदी बोलतात. पण हिंदीमुळे देवनागरी त्यांना येते, ही इथली केवढी मोठी सोय आहे. अमेरिकेतल्या आपल्या मुलांना ती नाही. पेशवे दफ्तरातले बहुतेक कागद मोडीत आहेत आणि ते सरसर वाचणारे आज मोजके उरले आहेत. आपल्या नातवंडांवर ती वेळ यायची नाही, फक्त आपण अक्षर सुटं काढायला हवं आणि नावं पूर्ण लिहायला हवीत. “ताई” न लिहिता कोणाची ताई, तिचं नाव, माहेर-सासर.

मुलांची भाषाही सुधारून लिहू नका, ती बोलली तशीच ठेवा. माझ्या मुलीचं चार वर्षांची असतानाचं वाक्य मी तारखेसकट लिहून ठेवलं आहे: “मी नहाऊन घेतलं, आता पंखा चालव.” आईनं ते वाचून विचारलं होतं, “अंघोळ म्हणायला शिकव की तिला.” मी तो प्रश्नही खाली लिहिला.

परवा मुलीनं ते पान उघडलं, बराच वेळ पाहिलं, आणि कोपऱ्यातल्या रिकाम्या जागेत पेन्सिलीनं देवनागरीत लिहिलं: तेव्हा कूलर होता. त्याच्या पाण्याला खसचा वास यायचा.