धबधब्याचा आवाज की संगीत? ‘ॲम्बियंट म्युझिक’ चांगले की वाईट, हे ठरवायचे कसे?

पावसाळ्यात पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा पाहायला यवतमाळ आणि नांदेड अशा दोन्ही जिल्ह्यांतून गर्दी होते. समजा, उमरखेडच्या एका तरुणाने तिथला आवाज मोबाइलवर तीन मिनिटे रेकॉर्ड केला आणि स्पॉटिफायवर टाकला. त्याच्या मित्राने तेच रेकॉर्डिंग घेतले, त्याखाली तानपुरा ठेवला आणि मधूनमधून बासरीचा एखादा लांब स्वर सोडला. पहिला नुसता ‘आवाज’ आणि दुसरे ‘संगीत’, असे आपण सहज म्हणून जातो. पण हे ठरवले कोणी आणि कशावरून?

प्रश्न फक्त आवडीनिवडीचा नाही. या उत्तरावर आता पैसे ठरतात.

पैशांचा संबंध काय?

झोप किंवा अभ्यासासाठी अनेक जण पावसाचा, पंख्याचा, समुद्राचा आवाज तासन् तास लावून ठेवतात. या ॲपवर गाणे ३० सेकंद वाजले की ते एकदा ऐकले गेले, असे धरले जाते. त्यामुळे काहींनी असे आवाज ३०-३० सेकंदांचे तुकडे करून टाकले आणि जास्त कमाई केली. त्यावर उपाय म्हणून स्पॉटिफायने नोव्हेंबर २०२३ मध्ये नवे नियम जाहीर केले. २०२४ पासून अशा ‘उपयोगी आवाजां’साठी किमान दोन मिनिटांची लांबी आवश्यक झाली आणि त्यांचा मोबदला संगीताच्या तुलनेत बराच कमी झाला. या यादीत निसर्गाचे आवाजही आहेत. म्हणजे धबधबा ‘आवाज’ ठरला तर दर कमी, ‘संगीत’ ठरला तर पूर्ण.

ॲम्बियंट म्युझिक म्हणजे नेमके काय?

सोप्या भाषेत, भोवतालात मिसळून जाणारे संगीत. त्याला ठळक ताल नसतो, शब्द बहुधा नसतात, लक्षात राहील अशी चालही नसते. ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांच्या १९७८ च्या ‘म्युझिक फॉर एअरपोर्ट्स’ या अल्बमने हे नाव रुळवले. हे संगीत लक्ष देऊन ऐकता यावे आणि दुर्लक्षही करता यावे, अशी त्यांची अट होती.

त्यातल्या एका रचनेत ‘आ’काराचे वेगवेगळे स्वर कमी-अधिक लांबीच्या टेपवर फिरत राहतात. गणित सोपे आहे. एक स्वर दर २० सेकंदांनी आणि दुसरा दर २३ सेकंदांनी आला, तर सुरुवातीसारखे ते पुन्हा एकत्र यायला ४६० सेकंद लागतात. असे सात-आठ स्वर घेतले की तीच जुळणी ऐकणाऱ्याच्या हयातीत पुन्हा येणे अवघड. ऐकायला ‘सगळे सारखेच’, पण प्रत्यक्षात सतत बदलणारे.

एकच अल्बम, दोन निकाल

१९७९ मध्ये ‘रोलिंग स्टोन’ मासिकाच्या समीक्षकाला हा अल्बम आत्ममग्न आणि विस्कळीत वाटला. २०१६ मध्ये ‘पिचफोर्क’ या संगीतविषयक प्रकाशनाने सर्वोत्तम ५० ॲम्बियंट अल्बमची यादी केली, तेव्हा त्यालाच पहिला क्रमांक दिला. अल्बम तोच होता, मोजपट्टी बदलली होती. पहिल्या समीक्षकाने त्यात रॉक संगीतातला नेमकेपणा शोधला असेल, तर तो सापडणार नव्हताच.

मग समीक्षा म्हणजे फक्त वैयक्तिक मत?

इथे मराठीतले एक उदाहरण कामी येते. व्यवसायाने चार्टर्ड अकाउंटंट असलेल्या वामनराव देशपांडे यांचे ‘घरंदाज गायकी’ हे पुस्तक १९६१ मध्ये आले. त्यांनी घराण्यांसाठी चक्क एक मोजपट्टी मांडली. एका टोकाला स्वर, दुसऱ्या टोकाला लय. किराणा घराणे स्वराच्या टोकाला, आग्रा लयीच्या टोकाला आणि दोहोंचा तोल साधणारे जयपूर मध्ये.

देशपांडे यांचा स्वतःचा ओढा जयपूर गायकीकडे होता. त्यामुळे ‘आवडते घराणे बरोबर मध्यभागी कसे आले?’ असा प्रश्न कोणीही विचारू शकतो. पण तो विचारता येतो, कारण मोजपट्टी त्यांनी उघडपणे मांडली. नुसते ‘मला जयपूर आवडते’ म्हटले असते, तर वाद घालायला जागाच उरली नसती.

ॲम्बियंट संगीताला हीच पट्टी लावली, तर लयीचे टोक जवळपास रिकामे राहते. म्हणजे संगीत रिकामे आहे असे नव्हे. पट्टी दुसरी हवी.

तानपुरा काय शिकवतो?

चाल नसलेल्या नादाची पारख आपल्याकडे नवी नाही. मिरजेच्या तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तिथले कारागीर घोडीचा पृष्ठभाग घासून जवारी काढतात. पुढे वाजवणारा तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवून नाद खुलवतो. धागा केसभर सरकला तरी फरक पडतो, आणि निर्णय कानाचाच असतो.

पण हा कान मनमानी नाही. नीट जुळलेल्या तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो, जो कोणत्याही तारेवर लावलेला नसतो. खर्जाच्या नादात त्याच्या पाचपट कंपनांचा स्वर मिसळलेला असतो, तो हा ‘स्वयंभू गंधार’. तो आला की नाही, यावर दोन जाणकारांचे सहसा एकमत होते. त्यांचा मतभेद होतो तो जवारी किती खुली हवी, यावर. म्हणजे पारखेतला काही भाग तपासता येतो आणि काही भाग आवडीचा असतो.

ऐकणाऱ्याने काय पाहावे?

* हेतू : रचना कशासाठी आहे? ख्यालाच्या मैफलीत श्रोता पेंगला तर गायकाचे अपयश. झोपेसाठीच्या संगीतात तेच यश.
* तपशील : लक्ष देऊन ऐकल्यावर नवे काही सापडते का? की दहा सेकंदांचा तुकडाच पुन्हा पुन्हा येतो?
* साधन : मोबाइलच्या छोट्या स्पीकरमधून खर्जाचा मूळ स्वर जवळपास निघतच नाही. मत देण्याआधी एकदा चांगल्या हेडफोनवर ऐकावे.
* प्रामाणिकपणा : कुठे, कधी, कशावर ऐकले आणि आपली आवड कोणती, हे समीक्षकाने सांगितले आहे का?

आता उमरखेडच्या त्या दोन रेकॉर्डिंगकडे परत येऊ. मित्राच्या तानपुऱ्याचा तुकडा दर दहा सेकंदांनी तसाच येत असेल आणि पहिल्याने मात्र पाणी दगडावर आपटते ती जागा, तुषार पडतात ती जागा आणि दूरचा घोंगावणारा आवाज असा क्रम विचार करून टिपला असेल, तर मेहनत आणि निवड पहिल्यात जास्त आहे. तरीही नियमाच्या यादीत तो ‘निसर्गाचा आवाज’च ठरण्याची शक्यता आहे. ॲपला वर्गवारी पुरते. ऐकणाऱ्याला मात्र स्वतः ऐकून आणि कारण देऊन वेगळा निकाल देता येतो.