आठ तारांची पारख

मेंडोलिन आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकानं ऐकलेलं असतं, पण फार थोड्यांनी हातात धरलेलं असतं. जुन्या हिंदी गाण्यांत दोन कडव्यांच्या मधे जी थरथरती, लुकलुकती तार वाजते, ती बहुतेक वेळा त्याचीच. इथं वाढलेल्या मंडळींना खूण सांगायची तर ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’मध्ये मोहरीच्या शेतात शाहरुख खानच्या हातात असतं ते वाद्य. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले आपले लक्ष्मीकांत कुडाळकर संगीतकार होण्याआधी मेंडोलिनवादक होते. आणि ‘संगदिल’, ‘रुस्तम सोहराब’ या चित्रपटांचे संगीतकार सज्जाद हुसेन यांनी तर या परदेशी वाद्यावर राग वाजवून दाखवले.

यंदा जूनमध्ये मी मेंडोलिन घ्यायला गेलो, ते नातीसाठी. ती सहा वर्षं शाळेच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवत होती. दहावीत तिनं ते बंद केलं. घरात व्हायची ती बोलाचाली झाली. माझ्याजवळ मात्र ती एवढंच म्हणाली, “आजोबा, मला वाजवणं सोडायचं नाहीये, ऑर्केस्ट्रा सोडायचाय.” हा फरक मला पटला. मेंडोलिनच्या तारा व्हायोलिनसारख्याच लागतात, फक्त प्रत्येक तार जोडीनं असते, म्हणजे चाराच्या आठ. डाव्या हाताची बोटं कुठं पडायची हे तिच्या बोटांना ठाऊक होतं. सहा वर्षांची मेहनत वाया जाणार नव्हती. तिनं दोन उन्हाळे पोहण्याच्या तलावावर जीवरक्षकाचं काम करून सातशे डॉलर साठवले होते. तेवढेच मी घातले. तिच्या आईची अट एकच होती: हे वाद्यही पलंगाखाली गेलं, तर यापुढे घरात वाद्य येणार नाही. तेव्हा निवड विचारपूर्वक करायला हवी होती.

साखळी दुकानांत मेंडोलिनं भिंतीवर उंच टांगलेली असतात आणि बहुधा बेसूर असतात. बेसूर वाद्याची परीक्षा घेणं म्हणजे ताप आलेल्या मुलाची परीक्षा घेणं. म्हणून आम्ही गाडी काढली आणि लान्सिंगला ‘एल्डरली इन्स्ट्रुमेंट्स’मध्ये गेलो. हे दुकान १९७२ सालचं. जुन्या, वापरलेल्या तंतुवाद्यांसाठी त्याची ख्याती आहे. आता ते संस्थापकांची मुलगी सांभाळते. इमारत पूर्वी ‘ऑड फेलोज’ या बंधुमंडळाची होती, त्यामुळे दुकानापेक्षा एखाद्या जुन्या ग्रंथालयात शिरल्यासारखं वाटतं. स्टुलावर बसावं, हवं ते वाद्य घ्यावं, वाजवावं, परत ठेवावं. विकत घेणार का, असं आम्हाला तासाभरात कुणी विचारलं नाही. पुण्यात लक्ष्मी रोडवर दहा साड्या उलगडून काहीच न घेता उठणाऱ्या बायकांचा निगरगट्टपणा माझ्यात नाही, म्हणून याचं मला फार बरं वाटलं.

मिशिगनमध्ये राहणाऱ्यांना माहीत असावी अशी एक गोष्ट इथं सांगतो. मेंडोलिन मूळचं इटलीचं, नेपल्सचं. त्याची पाठ कलिंगडाच्या फोडीसारखी फुगीर असायची. ती सपाट करून, व्हायोलिनप्रमाणे लाकूड कोरून वाद्य घडवण्याची कल्पना ऑर्व्हिल गिब्सन यांची. ते राहायचे कॅलामझूला, म्हणजे लान्सिंगपासून सव्वा तासावर. १८९८ साली त्यांना पेटंट मिळालं आणि १९०२ मध्ये त्यांच्या नावाची कंपनी निघाली. तेव्हा अमेरिकेत मेंडोलिनचं वेड होतं. गावोगावी मेंडोलिनचे वाद्यवृंद होते. पुढं लॉइड लोअर यांच्या देखरेखीखाली १९२२ ते १९२४ या काळात कंपनीनं एफ-५ नावाचं अप्रतिम मेंडोलिन काढलं. पण तोवर वेड ओसरलं होतं. वाद्यं फारशी खपली नाहीत आणि लोअर कंपनी सोडून गेले. वीसेक वर्षांनी बिल मन्रो या केंटकीच्या गायकाला त्यांतलं एक मायामीतल्या न्हाव्याच्या दुकानात विकायला ठेवलेलं दिसलं. त्या मेंडोलिनवर ब्लूग्रास हा अख्खा संगीतप्रकार उभा राहिला. आज लोअर यांच्या सहीच्या एफ-५ला लाखाच्या वर डॉलर मोजावे लागतात.

याचा परिणाम असा की आज बहुतेकांना मेंडोलिन म्हटलं की एफ-घाटच हवा असतो. त्याच्या एका खांद्यावर शंखासारखं वेटोळं असतं, खाली टोकं निघालेली असतात. दिसतं देखणं. दुसरा ए-घाट थेंबासारखा, साधा. कंपनांचा विषय मी इंजिनिअरिंगच्या मुलांना तीस वर्षं शिकवला, म्हणून अधिकारानं सांगतो की वेटोळ्याचा आवाजाशी फारसा संबंध नाही. ते कोरायला कारागिराचा वेळ जातो, आणि त्या वेळाचे पैसे आपण भरतो. त्याच दर्जाचं ए-घाटाचं वाद्य बरंच स्वस्त पडतं. आवाज ठरतो तो तबलीच्या लाकडावरून, तिच्या जाडीवरून आणि छिद्राच्या आकारावरून. तबलीचं लाकूड स्प्रूसचं आणि सलग हवं, प्लायवुडचं नको. छिद्रं व्हायोलिनसारखी दोन उभी असली तर आवाज कोरडा, धारदार, दूर जाणारा येतो. ब्लूग्रासमध्ये सगळ्या तारा एकदम छेडून लगेच दाबतात आणि त्या ‘चॉप’वर ठेका चालतो, त्यासाठी हेच हवं. मधोमध एकच लंबगोल छिद्र असलं तर आवाज भरीव आणि मऊ येतो, जरा जास्त रेंगाळतो.

नातीची नजर अर्थातच वेटोळ्यावर गेली. साडेबाराशेचं नवं कोरं, लालसर तपकिरी झाक असलेलं मेंडोलिन तिनं मांडीवर घेतलं आणि खाली ठेवेना. आणखी तीन निवडली: एक स्वस्त ए-घाटाचं, एक मध्यम किमतीचं, आणि एक गिब्सनचंच, १९१०च्या दशकातलं, लंबगोल छिद्राचं, काळपट, ओरखडे पडलेलं. त्याच्या तबलीवर दुरुस्त केलेली एक चीर होती. किंमत तेराशेच्या आसपास.

पहिली पंधरा मिनिटं आम्ही फक्त सूर लावले. नंतर बाराव्या पडद्यावर बोट नुसतं टेकवून तार छेडायची, मग तिथंच दाबून छेडायची. दोन्ही स्वर एकच यायला हवेत. एका वाद्यात दुसरा स्वर चढा येत होता. नात म्हणाली, “हे बाद.” दुकानातल्या माणसानं हसत घोडी केसभर मागं सरकवली आणि स्वर जुळले. मेंडोलिनची घोडी चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानंच जागेवर राहते, म्हणून एवढ्याच कारणानं वाद्य नाकारू नये. प्रत्येक जोडी प्रत्येक पडद्यावर वाजवून खरखर येते का तेही पाहिलं. हे कंटाळवाणं काम आहे, पण केलंच पाहिजे.

यानंतर ती वाजवत होती ते सगळं व्हायोलिनच्या वर्गातलं. छान वाजत होतं, पण चारही वाद्यांवर सारखंच छान. मी तिला म्हटलं, आता भूप वाजव. ती लहानपणी आमच्या मंडळाच्या शाळेत चार-पाच राग शिकली आहे. मेंडोलिनच्या मोकळ्या तारा खालून वर जी, डी, ए, ई अशा लागतात. जी म्हणजे आपली पांढरी पाच, बऱ्याच गायिकांना सोयीची पट्टी. त्याला षड्ज मानलं तर चार मोकळ्या तारांवर अनुक्रमे सा, प, वरचा रे आणि वरचा ध मिळतात. भूपाच्या पाच स्वरांपैकी चार बोट न लावताच! राहिला गंधार, तो एका बोटाचा. हे लक्षात आल्यावर तिचा चेहरा खुलला. “म्हणजे हे आपल्यासाठीच बनवलंय?” मी म्हटलं, नाही गं, योगायोग आहे, पण कामाचा आहे.

अडचण मींडेची. या वाद्याला पडदे आहेत, तारा ताणलेल्या आणि जोडीच्या. सतारीसारखी तार बाजूला ओढायची तर दोन्ही तारा सारख्याच ओढाव्या लागतात, नाहीतर एक पुढं जाते, एक मागं राहते. सज्जाद हुसेन ते करत, म्हणूनच त्यांचं नाव जाणकार आदरानं घेतात. दक्षिणेत यू. श्रीनिवास यांनी वेगळी वाट काढली: इलेक्ट्रिक मेंडोलिन आणि जोड्यांऐवजी पाच सुट्या तारा. त्यावर त्यांनी कर्नाटक संगीतातले गमक काढले. २०१४ मध्ये, अवघ्या ४५व्या वर्षी ते गेले. सुरुवात करणाऱ्यानं बोट पडद्यावरून पडद्यावर घसरवावं आणि लांब स्वरासाठी पिक भराभर खालीवर फिरवून तो थरथरता धरून ठेवावा. हा थरथराट लंबगोल छिद्राच्या वाद्यावर एकसंध ऐकू येतो. उभ्या छिद्रांच्या वाद्यावर प्रत्येक घाव सुटा कानावर पडतो.

पण हे तिला मी सांगून उपयोग नव्हता. वाजवणाऱ्याला स्वतःच्या वाद्याचा आवाज नीट कळतही नाही, कारण तो पुढं जातो. मी तिला दहा फुटांवर, भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि दुकानातल्या माणसाला विनंती केली की चारही वाद्यांवर तोच भूपाचा तुकडा वाजवा. तो तुकडा त्यानं ऐकून लगेच उचलला होता. कागदावर नावं नाहीत, नुसते क्रमांक. उत्तरपत्रिका तपासताना मी वर्षानुवर्षं नाव झाकून तपासत असे, त्यातलाच प्रकार. तिनं तीन क्रमांक सांगितला. आम्ही क्रम बदलला, पुन्हा वाजवलं. या वेळी तिनं एक सांगितला. दोन्ही वेळा ते काळपट, चीर पडलेलं गिब्सनच होतं. तिनं वळून पाहिलं आणि थोडी हिरमुसली. “पण ते किती म्हातारं दिसतं!” मी काही बोललो नाही. तिनं वेटोळ्याचं परत घेतलं, वाजवलं, ठेवलं. मग म्हाताऱ्याला घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसली ती पाऊण तास उठली नाही.

दुरुस्ती विभागातल्या बाईंनी आरसा आत घालून चीर दाखवली. मागून पट्टी लावलेली होती, पक्की. त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. या काळातल्या वाद्यांच्या दांडीत पोलादी सळई नसते, ती सोय कंपनीनं १९२०च्या दशकात आणली. त्यामुळे तारा नेहमी हलक्याच घालायच्या, कारण आठ तारांचा मिळून ताण दीडशे पौंडांच्या आसपास असतो आणि वाकलेली दांडी सरळ करायला इथं स्क्रू नाही. दुसरं, हिवाळ्यात घरातल्या हीटरनं हवा कोरडी पडते आणि लाकूड आकसतं. वाद्य पेटीतच ठेवायचं, पेटीत ओलावा देणारी नळी ठेवायची, आर्द्रता ४० ते ५० टक्के राहील असं पाहायचं. आपल्याकडच्या किती घरांत तडकलेला तंबोरा कोपऱ्यात उभा आहे हे आठवून पाहा. भारतातून विमानानं जपून आणलेली वाद्यं इथल्या पहिल्याच जानेवारीत अशी जातात. वीस डॉलरचा आर्द्रतामापक घेतला असता तर बरीचशी वाचली असती.

तारांच्या खाचा नीट करायला त्यांनी तास घेतला. तेवढ्यात आम्ही गाडीत बसून बरोबर नेलेल्या दशम्या आणि चटणी खाल्ली. कर धरून चौदाशेला वीस डॉलर कमी, म्हणजे ओलाव्याच्या नळीचे पैसेही त्यातच निघाले.

आता ती दर रविवारी आमच्याकडे येते. थरथराट अजून सारखा पडत नाही, मनगट आखडतं. आठ तारा जुळवण्यात पहिली दहा मिनिटं जातात आणि जोडीतली दुसरी तार पहिलीशी जुळेपर्यंत तिची आजी स्वयंपाकघरातून “अजून खाली आहे गं” असं ओरडून सांगत असते.